जुने सभागृह राखायचे असेल, तर आधी एक पावसाळा त्याच्याजवळ काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरापासून कित्येक तासांच्या अंतरावर असलेल्या एका लहान गावात शंभर वर्षांहून जुने सार्वजनिक सभागृह आहे. त्याच्या भिंती दगड-चुन्याच्या आहेत आणि कौलारू छत लाकडी कैच्यांवर, म्हणजे छताचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर, पेललेले आहे. काही वर्षांपासून ते बंद आहे, एका कोपऱ्यात छत गळते आणि भिंतींच्या खालच्या भागाला ओल धरली आहे. गावात दोन मते आहेत. काहींना ते पाडून नवे बांधायचे आहे. काहींना ते राखायचे आहे, पण त्यांच्या हाताशी पैसा थोडा आणि माणसे त्याहून थोडी आहेत. एका कंत्राटदाराने सुचवले आहे की कौले उतरवून वर काँक्रीटचा स्लॅब घालावा आणि भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करावा. अशा वेळी सुरुवात कुठून करावी?

मी तीस वर्षांहून अधिक काळ जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते आहे आणि त्यातली बहुतेक कामे डांबरी रस्ता संपतो त्याच्या पलीकडच्या गावांतली आहेत. वर्णनावरून तरी हे सभागृह हाताबाहेर गेलेले वाटत नाही. एका कोपऱ्यातली गळती आणि जोत्याजवळची ओल ही दोन्ही दुखणी बरी होण्यासारखी आहेत. खरा धोका मला त्या सल्ल्यात दिसतो. म्हणून स्लॅब आणि सिमेंटच्या प्रस्तावावर तूर्त सही करू नका. गळक्या कोपऱ्यावर याच आठवड्यात तात्पुरते आच्छादन घाला. आणि त्यापुढचा कोणताही मोठा खर्च करण्यापूर्वी पूर्ण एक वर्ष, निदान संपूर्ण एक पावसाळा, इमारतीचे लक्षपूर्वक निरीक्षण करा. हे शेवटचे सांगणे अनेक समित्यांना वेळकाढूपणाचे वाटते, परंतु घाईने केलेल्या दुरुस्तीने जेवढ्या जुन्या इमारती गेलेल्या मी पाहिल्या, तेवढ्या थांबण्याने गेलेल्या पाहिल्या नाहीत.

स्लॅबचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो साध्या गुणाकाराने सुटतो. काँक्रीटचे वजन एका घनमीटरला २४०० ते २५०० किलो असते, म्हणजे १० सेंटीमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरतो. सभागृह १५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे असे धरले, तर १२० चौरस मीटरच्या छतावर नुसत्या स्लॅबचे ३० टन वजन येते. शिवाय आठ मीटरचा गाळा इतक्या पातळ स्लॅबने ओलांडता येत नाही. त्याला खाली तुळया लागतात आणि वर पाण्याच्या उतारासाठी भर घालावी लागते, त्यामुळे प्रत्यक्षातले वजन याहून बरेच अधिक होते. कौले, पट्ट्या, वासे आणि कैच्या मिळून सहसा याच्या निम्मेही वजन होत नाही. चुन्यात बांधलेल्या भिंती खाली दाबणारे वजन पुष्कळ सोसतात, पण बाजूने येणारा धक्का त्यांना सोसत नाही, आणि भूकंपाचे बल इमारतीच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. भिंतींच्या माथ्यावर तीस-चाळीस टन चढवणे म्हणजे पुढच्या हादऱ्याला आपल्या हाताने बळ देणे होय.

आता पाण्याकडे वळू, कारण जुन्या इमारतीच्या दहा दुखण्यांपैकी आठांच्या मुळाशी पाणी असते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होते. एखाद्या दिवशी ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर १२० चौरस मीटरच्या छतावरून ६००० लिटर पाणी खाली येते आणि ते सगळे वळचणीखालच्या दोन अरुंद पट्ट्यांत पडते. ते पुढे कुठे जाते, हा तुमच्या सभागृहाचा मुख्य प्रश्न आहे. याचे उत्तर उन्हात उभे राहून मिळत नाही. पाऊस जोरात असताना छत्री घेऊन इमारतीला सावकाश दोन फेऱ्या मारा. कोणत्या पागोळ्या भिंतीवर उडतात, पन्हळ कुठे ओसंडते, साचलेले पाणी भिंतीकडे सरकते की तिच्यापासून दूर जाते, हे सगळे अर्ध्या तासात डोळ्यांसमोर येते. फुटकी पन्हळ ही पन्हळ नसण्यापेक्षा वाईट असते, कारण ती पंधरा मीटर लांबीवर पसरायचे ते पाणी गोळा करून एकाच जागी ओतते. गळका कोपरा आणि ओली भिंत यांची जागा जवळजवळ एकच असेल, तर पन्हळ हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी गोष्ट मोजपट्टीने पाहण्याची आहे. आतल्या जमिनीची पातळी आणि बाहेरच्या मातीची पातळी यांत किती फरक आहे? शंभर वर्षांत इमारतीभोवतीची जमीन वर येते. रस्त्याचे थर चढतात, राडारोडा पसरला जातो, कोणी कौतुकाने फुलझाडांचा वाफा करते. जोते हळूहळू मातीत गाडले जाते आणि बाहेरची माती आतल्या जमिनीच्या वर पोहोचली की भिंत बारा महिने ओल्या मातीत उभी राहते. अशा वेळी लोक म्हणतात की ओल पायातून चढते आहे, आणि मग रसायने टोचण्याचे महागडे उपाय सुचवले जातात. पुष्कळदा माती जोत्याच्या मूळ रेषेपर्यंत खाली उतरवली, भिंतीपासून दूर जाणारा उतार दिला आणि कडेने खडीचा पट्टा घातला एवढ्यानेच भिंत सुकू लागते. उकरताना पायाच्या दगडांखाली मात्र कधीही जाऊ नये. भिंतीला चिकटून काँक्रीटची पट्टी ओतण्याचा मोहही टाळावा, कारण तिच्याखालची ओल वर यायला जागा न मिळाल्याने भिंतीतच शिरते. भिंत सुकायलाही वेळ लागतो. जाड दगडी भिंतीला एखाद-दोन वर्षे सहज लागतात, म्हणून माती काढल्यावर महिन्याभरात फरक दिसला नाही तरी निराश होऊ नका.

या निरीक्षणासाठी एक वही ठेवा. ओलीची वरची कड जिथे दिसते तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहा आणि दर महिन्याला तेच करा. तडा दिसला तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खुणा करून त्यांतले अंतर मोजून लिहा, किंवा काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी चिकटवा. भिंत हलली तर काच तडकते. तड्याच्या आत डोकावूनही पाहा. आत धूळ आणि कोळिष्टके असतील तर तडा जुना आहे. कडा स्वच्छ आणि तीक्ष्ण असतील तर तो अलीकडचा आहे. चिकणमातीच्या जमिनीवरच्या इमारतींत काही तडे कोरड्या दिवसांत रुंदावतात आणि पावसात मिटतात. असा तडा उन्हाळ्यात गच्च भरून टाकला, तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि ती दुसरीकडे फुटते. वर्षभर थांबण्याचा माझा आग्रह प्रामुख्याने यासाठी आहे.

सिमेंटच्या गिलाव्याविषयी मी जे सांगते ते मला स्वतःच्या चुकीतून शिकावे लागले. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका डोंगरी भागातल्या अशाच सभागृहाच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करायला मी संमती दिली होती. काम झाले त्या दिवशी इमारत नव्यासारखी दिसत होती आणि सगळे खूष होते. चार वर्षांनी तिथे परत गेले तेव्हा गिलाव्यावर बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला. हातभर रुंदीचा एक तुकडा जवळजवळ आपोआप सुटून आला आणि त्याच्यामागचा दगड पिठासारखा झाला होता, नखाने खरवडला जात होता. त्याहून वाईट गोष्ट वर होती. कैचीच्या खालच्या दांड्याचे जे टोक भिंतीत बसले होते ते गडद तपकिरी झाले होते आणि टोच्या (अणकुचीदार हत्यार) लावताच त्याचे चौकोनी तुकडे पडत होते. शंभर वर्षे टिकलेले ते लाकूड चार वर्षांत कुजले होते, आणि त्याला कारण मी मान्य केलेला तो गिलावा होता.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवला की गिलाव्याचा चुना होतो, आणि भिंतीवर लावल्यानंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीच होतो. हा चुना सच्छिद्र आणि किंचित लवचीक असतो. भिंतीत शिरलेली ओल त्याच्यातून बाहेर पडून वाळते. तिच्यासोबत आलेला लोणा, म्हणजे क्षार, दरजांमध्ये (दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांत) आणि गिलाव्यावर साठतो, म्हणजे झिजायचे ते गिलाव्याचे झिजते आणि दगड वाचतो. आज आपण वापरतो त्या जातीच्या सिमेंटचे पहिले पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले, पण सर्वसामान्य बांधकामात ते रुळायला पुढे बराच काळ गेला, आणि दगड-चुन्याच्या भिंती बांधणाऱ्यांनी या चुन्याचा स्वभाव धरूनच भिंतीची जाडी, दरजा आणि वळचण ठरवलेली असते. सिमेंट त्या मानाने कडक आणि बंदिस्त असते. पाणी बारीक भेगांतून त्याच्यामागे शिरते, परंतु त्याला बाहेर पडता येत नाही, आणि क्षार दगडाच्या आतच स्फटिक होऊन त्याचा पृष्ठभाग फोडतात. बाजारात मिळणारे जलरोधक रंग भिंतीवर लावले तरी परिणाम हाच होतो.

चांगल्या हेतूने वापरलेले बळकट साहित्य जुन्या इमारतीला कसे घातक ठरते, याचे जगातले सर्वांत परिचित उदाहरण अथेन्सच्या ॲक्रोपोलिसचे, म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांचे, आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने तिथले संगमरवराचे खंड लोखंडी आकड्यांनी जोडले. प्राचीन कारागिरांनीही लोखंडच वापरले होते, परंतु त्यांनी ते शिशात बसवले होते. बालानोस यांचे उघडे लोखंड गंजले, गंजताना फुगले आणि त्याने संगमरवर फोडला. १९७५ नंतर सुरू झालेल्या कामात ते आकडे काढून त्यांच्या जागी टायटॅनियमचे बसवावे लागले. तिथे हे निस्तरायला पैसा आणि तज्ज्ञ उपलब्ध होते. तुमच्या सभागृहाला दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणून तुम्ही जे काही कराल ते पुढे कोणाला काढून टाकता येईल असे असावे.

चुन्याचे काम अवघड नाही, पण त्याला घाई चालत नाही. आधी जुन्या दरजेतला मुठीएवढा चुना काढून घ्या, त्याचा हलक्या हाताने चुरा करा आणि काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये टाका. फेस येऊन चुना विरघळतो आणि तळाशी वाळू उरते. फेस थांबेपर्यंत व्हिनेगर बदलत राहावे लागते आणि त्यात काही दिवस जातात. वाळू धुऊन, सुकवून वजन केले की मूळ मिश्रणाचे प्रमाण ढोबळमानाने कळते आणि वाळूचा रंग व कण पाहून ती जवळपासच्या कोणत्या ओढ्यातली असेल याचा अंदाज येतो. (वाळूत शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा अंश असेल तर तोही विरघळतो, हे लक्षात ठेवावे.) दरजा भरताना जुना सुटा चुना हातछिन्नीने, दरजेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत काढावा. विजेवर फिरणारे कटर कधीही वापरू नये, कारण ते दगडाच्या कडा खाते आणि खाल्लेली कड परत येत नाही. नवे मिश्रण दगडापेक्षा मऊच असले पाहिजे. काम झाल्यावर ते ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर तरी हळूहळू आवळू द्यावे आणि कडक ऊन किंवा थंडीच्या गारठ्याचे दिवस टाळावेत. आधी मागच्या भिंतीवर एक हात लांब, एक हात रुंद नमुना करून पाहावा. यापूर्वी कोणी केलेला सिमेंटचा गिलावा कुठे असेल, तर जिथे तो पोकळ वाजतो तिथूनच काढा. घट्ट चिकटलेला ओढून काढला तर दगडाचा पापुद्रा त्याच्यासोबत येतो.

दुर्गम भागात चुन्याचा एक मोठा फायदा आहे. विरवलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला तर महिनोन्महिने टिकतो आणि मुरल्याने सुधारतो, त्यामुळे रस्ता चालू असण्याच्या दिवसांत साठा करून ठेवता येतो. सिमेंटची गोणी मात्र दमट हवेत काही महिन्यांतच निकामी होऊ लागते. कळीचा चुना स्वतः विरवणार असाल, तर तो पाण्यात उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, हे काम करणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा आणि चष्मा व हातमोज्यांशिवाय कोणालाही जवळ येऊ देऊ नका.

आता लाकूड. लाकडातल्या ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर ते सहसा कुजत नाही. कौलांखालचे कोरडे लाकूड शतकानुशतके टिकते ते याच कारणाने. तपासणीत मी सर्वांत आधी कैच्यांची भिंतीतली टोके पाहते, कारण गाळ्याच्या मधोमध लाकूड ठणठणीत असले तरी ओल्या भिंतीत रुतलेले टोक आतून पोकळ असू शकते. शिडी लावून प्रत्येक टोकाशी टोच्या घेऊन जावे लागते. चांगल्या लाकडात टोच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतो. कुजलेल्यात मुठीपर्यंत जातो. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चढताना दिसल्या तर वाळवी आहे. एक टोक कुजले म्हणून अख्खी कैची बदलावी लागत नाही. खराब भाग कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडता येतो, आणि चांगला सुतार हे काम कैची जागेवर ठेवून, खाली टेकू देऊन करतो. नवे टोक भिंतीत बसवताना त्याच्याभोवती हवा खेळायला बोटभर फट सोडावी.

इथे एक गोष्ट आवर्जून तपासायला सांगते. अनेक सभागृहांत कधी तरी नाटकाचा रंगमंच झालेला असतो आणि पडदा वर घेता यावा म्हणून कैचीचा खालचा आडवा दांडा कापलेला असतो. मी असे दोनदा पाहिले आहे. तो दांडा दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकमेकींकडे बांधून ठेवतो. तो गेला की छताचे वजन भिंतींना बाहेर ढकलू लागते. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि वर व खाली अंतर मोजा. भिंत बाहेर झुकलेली आढळली तर तिथे स्वतः काही करू नका. आतून टेकू द्या आणि जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याला बोलवा. बहुतेक वेळा पोलादी ताण-सळई आणि भिंतीबाहेर पाटी एवढ्यावर भागते.

तात्पुरत्या आच्छादनाबद्दल एक सूचना. प्लॅस्टिकचा कागद छतावर गच्च आवळून बांधू नका, कारण त्याच्याखाली दमट हवा कोंडते आणि गळती थांबूनही लाकूड ओलेच राहते. आच्छादन पट्ट्यांवर थोडे उचलून बांधावे, म्हणजे खालून वारा जातो. कौले उतरवावी लागली तर एकही टाकून देऊ नका. फुटकी फार नसतात. बहुधा पट्ट्या कुजल्यामुळे चांगली कौले घसरलेली असतात. जुनी कौले दर्शनी बाजूला एकत्र लावावीत आणि नवी लागली तर मागच्या उतारावर लावावीत. भिंतीत झाड उगवले असेल तर ते उपटू नये. बुंध्याशी कापून मुळे मरू द्यावीत आणि दरजा भरताना तेवढे दगड सोडवून ती काढावीत. छतात वटवाघळे असतील तर भोके बुजवण्याआधी तिथला कायदा पाहावा, कारण अनेक देशांत त्यांना संरक्षण आहे. छतावर जुने सिमेंटचे पत्रे आढळले तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते फोडू किंवा घासू नयेत.

विजेच्या तारांकडे मात्र एक पावसाळाही थांबू नका. बंद इमारतीत उंदरांनी कुरतडलेल्या जुन्या तारा आणि वर सुके लाकूड, एवढे आगीला पुरते. पुरवठा आजच मुख्य बटणापासून तोडून घ्या आणि सगळी वायरिंग नव्याने, बाहेरून दिसेल अशा नळ्यांतून करा. दुरुस्तीचा काळ तर सर्वांत जोखमीचा असतो. २०१८ मध्ये ग्लासगोच्या कलाविद्यालयाची मॅकिंटॉश इमारत आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामचे छत जळाले, तेव्हा दोन्ही ठिकाणी दुरुस्तीचे काम चालू होते. छतात वेल्डिंग किंवा ज्योतीचे कोणतेही काम करू देऊ नका, आणि दिवसाचे काम संपल्यावर तासभर कोणी तरी तिथे थांबेल अशी व्यवस्था करा. अग्निशमन दल तासाभराच्या अंतरावर असलेल्या गावात दुसरा उपाय नाही.

माणसांच्या प्रश्नावर मी अधिक वेळ देते, कारण दुर्गम गावांत इमारत शेवटी माणसांअभावी पडते. मालीमधल्या जेन्ने शहरातली मातीची मोठी मशीद १९०७ मध्ये पुन्हा बांधली गेली आणि तिथले लोक दरवर्षी एकत्र येऊन तिला नवा मातीचा लेप देतात. म्हणून ती उभी आहे. जपानमधल्या इसे येथील मंदिराची दर २० वर्षांनी पुनर्बांधणी होते. अलीकडची २०१३ मध्ये झाली, आणि तिच्यामुळे सुतारांच्या एका पिढीचे कसब दुसरीकडे जात राहते. तुमच्याकडे इतके काही नको, पण दोन्हींतले तत्त्व घेण्यासारखे आहे. चुन्याचे काम जाणणारा एक वयस्क गवंडी बाहेरून दोन महिन्यांसाठी आणा, त्याच्या हाताखाली गावातले तिघे जण पूर्ण मजुरी देऊन ठेवा, आणि करारातच लिहा की काम करणे आणि शिकवणे या दोन्हींचे पैसे त्याला मिळतील. तो गेल्यानंतर पुढच्या वर्षीची दरज भरायला गावातच हात असतील. श्रमदान माती उतरवणे, पन्हळी साफ करणे, वाळू चाळणे, चुन्याची सफेदी करणे यासाठी उत्तम आहे. छतावर चढणे, टेकू देणे आणि वीज ही कामे श्रमदानात कधीही घेऊ नयेत.

नेदरलँड्समध्ये १९७३ पासून मोन्युमेंटेनवाख्त नावाची व्यवस्था आहे. तिचे निरीक्षक ठरावीक काळाने जुन्या इमारतींना भेट देतात, छतापासून पायापर्यंत तपासतात, घसरलेले कौल किंवा तुंबलेली पन्हळ तिथल्या तिथे दुरुस्त करतात आणि बाकीचे लिहून देतात. याची लहान आवृत्ती कोणत्याही गावाला शक्य आहे. दोन माणसे, एक शिडी, वर्षातून दोन दिवस: एक पावसापूर्वी आणि एक नंतर. इमारतींची रोजच्या देखभालीने जपणूक करावी, हे इंग्रज लेखक-कलावंत विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्येच जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन करताना सांगितले होते. मी समित्यांना नेहमी सांगते की जमलेल्या प्रत्येक शंभरातले वीस वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते दुरुस्तीला न वापरता पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीला राखा. देणगीदारांना मोठ्या कामाच्या पाटीवर नाव हवे असते. पन्हळ साफ करायला कोणी देणगी देत नाही.

गावातल्या दुसऱ्या मताच्या लोकांना विरोधक समजू नका. नवे बांधा म्हणणाऱ्यांची तक्रार बहुधा खरी असते: स्वच्छतागृह नाही, आत अंधार आहे, वृद्धांना पायऱ्या चढवत नाहीत, हिवाळ्यात बसवत नाही. त्यांच्याकडून ही यादी लेखी घ्या आणि तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्या. स्वच्छतागृह आणि स्वयंपाकाची जागा मागे, सभागृहापासून थोडी सुटी, लहान नव्या इमारतीत करता येते, म्हणजे पाण्याचे नळ जुन्या भिंतींत शिरत नाहीत. बाजूच्या दाराला पायऱ्यांऐवजी उताराची वाट करता येते. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने म्हटले आहे की इमारत समाजोपयोगी कामासाठी वापरात राहिली तर तिचे जतन सोपे होते. फक्त त्यापायी तिची रचना आणि सजावट बदलू नये. माझा अनुभव याहून पुढे जातो. बंद इमारतीत गळती कोणाला दिसत नाही, खिडक्या उघडत नाहीत आणि हवा कुजते. अभियंत्याने सुरक्षित ठरवलेला भाग, तो एका खोलीएवढा असला तरी, दुरुस्ती पूर्ण होण्याची वाट न पाहता वापरात आणा. आठवड्यातून एकदा तिथे दहा माणसे बसू लागली, तर छताचे नवे कौल कधी घसरले ते त्याच आठवड्यात कळते.

या सभागृहात जपण्यासारखे नेमके काय आहे, हेही लिहून काढा. १९७९ मध्ये स्वीकारलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बर्रा सनदेने हा क्रम घालून दिला: आधी महत्त्व समजून घ्या, मग धोरण ठरवा, मग हात लावा; आणि बदल आवश्यक तेवढाच, शक्य तितका कमी करा. गावातल्या सर्वांत वृद्ध चार-पाच जणांना आत नेऊन बसवा आणि बोलू द्या. बाहेरून आलेल्या मला सुंदर खांब दिसतात. त्यांना कदाचित दाराजवळची ती झिजलेली पायरी महत्त्वाची वाटत असेल, जिच्यावर बसून कोणी निकालाची वाट पाहिली होती. ती पायरी सरळ करण्याचा कंत्राटदाराचा विचार तिथेच थांबतो. जुनी इतिवृत्ते, हिशेबाच्या वह्या, छायाचित्रे जमवून त्यांच्या प्रती गावाबाहेरही ठेवा. प्रत्येक भिंतीचे समोरून, मोजपट्टी धरून छायाचित्र घ्या. दुर्दैवाने काही घडलेच, तर पुन्हा उभारणीला तेवढाच आधार असतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण जमीन आणि इमारत कोणाच्या नावावर आहे हे पैसा गोळा करण्यापूर्वी स्पष्ट झाले पाहिजे. अशा सभागृहांच्या जागा अनेकदा तोंडी दिलेल्या असतात आणि देणाऱ्याची नातवंडे दूर कुठे तरी असतात. मालकी स्पष्ट नसेल तर अनुदान देणारी संस्था अर्ज बाजूला ठेवते आणि विमाही मिळत नाही. इमारत वारसा-यादीत असेल तर परवानगीशिवाय काही करता येत नाही. यादीत नसेल तर नोंद झाल्याने कोणती बंधने आणि कोणती मदत येते, हे लेखी विचारून घ्या आणि मग समितीत ठरवा.

वही भरत आली की जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या अभियंत्याला किंवा वास्तुविशारदाला बोलवा. तोपर्यंत त्याच्यापुढे ठेवायला बारा महिन्यांच्या ओलीच्या रेघा, तड्यांची मापे, कैच्यांच्या प्रत्येक टोकाची नोंद आणि गावाची गरजांची यादी तयार असेल. हे शोधण्यात त्याचे जे चार दिवस गेले असते त्यांचे पैसे वाचतील. काम देण्यापूर्वी त्याला दोन गोष्टी विचारा: तुम्ही कोणत्या भागाला हात लावणार नाही, आणि तुमचे दहा वर्षांपूर्वीचे एखादे काम आम्हाला पाहता येईल का. ते काम पाहायला समितीतले दोघे जण पावसाळ्यातच जाऊन यावेत आणि तिथल्या भिंतींच्या खालच्या भागावर हात ठेवून पाहावा.